नोव्हाक : एका पोलिश आडनावाची कुळकथा

पोलंड हा पावणेचार कोटींच्या आसपास वस्तीचा देश. त्या देशात नोव्हाक हे एकच आडनाव लावणारी माणसे दोन लक्षांहून अधिक आहेत. म्हणजे सरासरीचे गणित केले तर दर दोनशे माणसांमागे एक तरी नोव्हाक निघावा. आडनावांच्या मोजदादीत या नावाचा पहिला क्रमांक इतका ठरून गेलेला आहे, की दुसऱ्या क्रमांकावरील कोव्हाल्स्की त्याच्यापेक्षा साठ हजारांहून अधिकाने मागे राहतो. नोव्हाक या नावाचा अर्थही अगदी साधा आहे : नवा माणूस, नवखा, गावात नुकताच आलेला.

हा अर्थ मात्र क्षणभर विचारात पाडणारा आहे. पोलंडचा इतिहास मुख्यतः शेतीचा आणि शेतकऱ्याचा इतिहास आहे, आणि तो शेतकरी शतकानुशतके कायद्यानेच जमिनीला बांधलेला होता. गाव सोडून जाण्याची त्याला मुभा नव्हती. अशा देशात सर्वांत अधिक लोकांच्या वाट्याला आलेले आडनाव 'हा इथला नव्हे' असे सांगणारे असावे, यात काही विसंगती आहे. तिचा उलगडा करू लागले म्हणजे राजे आणि लढाया यांच्या इतिहासात सहसा न दिसणारा एक इतिहास हाती लागतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. पोलिश भाषेत 'नोव्ही' म्हणजे नवा. संस्कृतातील 'नव', लॅटिनमधील 'नोव्हुस', ग्रीकमधील 'नेओस' आणि मराठीतील 'नवा' ही सारी एकाच घराण्यातील भावंडे होत. त्या 'नोव्ही'ला 'आक' हा प्रत्यय लागून नोव्हाक झाला. हा प्रत्यय विशेषणाचे माणूस करतो. 'प्रोस्ती' म्हणजे साधा, सरळ. 'प्रोस्ताक' म्हणजे अडाणी, गावंढळ मनुष्य. गावाच्या नावाला तो लागला म्हणजे तिथला रहिवासी असा अर्थ होतो. पोझ्नानचा तो पोझ्नान्याक, क्राकूव्हचा तो क्राकोव्ह्याक. इतकेच नव्हे, तर पोलिश माणूस स्वतःला ज्या नावाने ओळखतो त्या 'पोलाक' या शब्दातही हाच प्रत्यय आहे. नोव्हाकला मराठीत नेमका प्रतिशब्द द्यावयाचा तर 'नवखा' हाच द्यावा लागेल. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच 'नव' आहे, आणि दोहोंत किंचित अपरिचिताचा, किंचित अविश्वासाचा भाव आहे. रोमन लोकांत ज्याच्या घराण्यात पूर्वी कोणी मोठे पद भूषविले नव्हते अशा माणसाला 'नवा माणूस' म्हणत, आणि सिसेरो तो शिक्का अभिमानाने मिरवीत असे. पोलंडमधील नोव्हाकच्या नशिबी तसे मिरविणे नव्हते. त्याचे नवेपण उच्चपदावरचे नव्हते. ते वेशीवरचे होते.

या नावाचा खरा विशेष ध्यानात येण्यासाठी मराठी आडनावांशी त्याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव करण्याची चाल आहे. पैठणात राहणाऱ्या सगळ्यांनाच कोणी पैठणकर म्हणत नाही. पैठणचा मनुष्य दुसरीकडे जाऊन राहिला म्हणजे तो पैठणकर होतो. तेव्हा 'कर' हे आडनावही एका परीने स्थलांतराचीच नोंद आहे. परंतु ती नोंद माणसाचे मूळ जपून ठेवते. तो कुठून आला हे नवे शेजारी विचारतात, ऐकतात आणि त्याच नावाने त्याला हाक मारतात. नोव्हाक या नावात असे काही नाही. कुठून आला, का आला, बापाचे नाव काय, धंदा कोणता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. गावाच्या दृष्टीने त्या माणसाविषयी सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे काल तो इथे नव्हता. हे नाव घेणाऱ्याने घेतलेले नाही. पाहणाऱ्यांनी ठेवलेले आहे.

पोलंडमधील उमरावांची आडनावे मात्र नेमकी 'कर'सारखी आहेत. 'श्ल्याख्ता' या नावाने ओळखला जाणारा तेथील सरदारवर्ग फार मोठा, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा आठ-दहा इतका होता. चौदाव्या-पंधराव्या शतकांपासून हे लोक आपल्या वतनाच्या गावावरून स्वतःला ओळखू लागले. तारनूव्हचा यान असे आधी म्हणत; पुढे त्याचेच यान तारनोव्स्की झाले. हा 'स्की' प्रत्यय मालकीची खूण होती. गाव माझे आहे, असे तो सांगे. एकाच काळात, एकाच प्रदेशात, एका वर्गाची नावे 'हे गाव आमचे' असे सांगत होती आणि दुसऱ्या वर्गातील कित्येकांची नावे 'हा या गावचा नाही' असे.

नोव्हाक हे नाव चौदाव्या शतकातील कागदपत्रांपासून आढळू लागते, आणि तो काळच त्याच्या जन्माला अनुकूल होता. तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्यांनी दक्षिण पोलंडचा मोठा भाग उजाड झाला होता. शिवाय अफाट जंगले अद्याप लागवडीखाली यावयाची होती. राजे, धर्मपीठे आणि जमीनदार यांना माणसे हवी होती. तेव्हा 'जर्मन कायदा' या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीने नवी गावे वसविण्याची मोठी लाट आली, आणि १३३३ ते १३७० या काळात राज्य करणाऱ्या थोर काझिमिएश राजाच्या अमदानीत ती विशेष जोरात होती. वसाहतदारांना जमीन मोजून दिली जाई, गावाचा एक मुखिया नेमला जाई आणि पहिली काही वर्षे सारा माफ असे. जंगल तोडून शेत करावयाचे असेल तर ही माफी वीस वर्षांपर्यंतही चाले. मराठी अमदानीतील दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पडीत जमीन लागवडीस आणण्यासाठी कौल देऊन रयतेला बोलवावयाचे, आरंभी सारा माफ किंवा अत्यल्प ठेवावयाचा आणि पुढे तो वर्षावर्षाने चढवीत न्यावयाचा, ही 'इस्ताव्या'ची रीत याच जातीची होती. पोलिश भाषेत माफीच्या या काळाला 'व्होल्निझ्ना' म्हणत, आणि अशा गावांना 'व्होला' हे नाव पडे. वॉर्सा शहराचा एक भाग आजही व्होला या नावाने ओळखला जातो. देशभर विखुरलेली व्होला ही ग्रामनामे आणि देशभर विखुरलेले नोव्हाक हे आडनाव या एकाच घडामोडीच्या दोन खुणा समजावयास हरकत नाही. एक भूमीवर उमटली, दुसरी माणसांवर.

ही लाट फार काळ टिकली नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपात पोलिश धान्याला मोठी मागणी येऊ लागली, आणि जमीनदारांना साऱ्याच्या रोकडीपेक्षा फुकटचे हात अधिक किफायतशीर वाटू लागले. १४९६ साली प्योत्रकूव्ह येथे भरलेल्या सभेने कायदा केला, की एका गावातून एका वर्षात एकाच शेतकऱ्याने बाहेर पडावे. १५२० पर्यंत आठवड्यातून किमान एक दिवस धन्याच्या शेतावर वेठीने राबण्याचे बंधन आले, आणि पुढील दोन शतकांत त्या एका दिवसाचे अनेक दिवस झाले. गाव सोडून जाणे हा आता गुन्हा ठरला. तरीही माणसे जात राहिली, रात्रीची, गुरे हाकीत, बायकामुलांसह. कारण एका धन्याकडून पळालेल्या कुळाला दुसरा धनी आनंदाने आसरा देई. त्यालाही हातांची चणचण होतीच. पळालेल्यांना परत मिळविण्यासाठी जमीनदारांनी एकमेकांवर केलेले दावे तेथील जुन्या न्यायदप्तरांत आहेत. अशा माणसाने नव्या गावात आपले मूळ सांगावे तरी कसे? तो कुठला, हे न विचारणे हे गावाच्याही हिताचे होते आणि त्याच्याही. नुसता 'नवा' एवढी ओळख ही अशा वेळी एक प्रकारची दयाही असू शकत होती. नोव्हाक या नावाच्या संदिग्धतेकडे पाहताना हा पैलू सहसा दुर्लक्षिला जातो. पण कुठून आला ते न सांगणाऱ्या नावाचा उपयोग ज्यांना होता अशी हजारो माणसे त्या काळी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

पेशवाईतील महाराष्ट्राच्या खेड्यातही मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदार म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा शेतकरी. गावच्या मानपानात, गोतसभेत त्याला स्थान असे. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. तो कितीही वर्षे राहिला तरी त्याचे उपरेपण लगेच जात नसे. पोलिश नोव्हाक हा उपऱ्याचा सख्खा भाऊ होय. फरक एवढाच, की मराठीत 'उपरा' हा शब्द शब्दच राहिला. पोलंडमध्ये तो आडनाव झाला आणि सरकारी कागदावर चढला.

लढाया आणि साथी यांनीही नव्या माणसांचा पुरवठा थांबू दिला नाही. १६५५ साली स्वीडिश सैन्ये देशात घुसली. त्या पाच वर्षांच्या आपत्तीला पोलिश लोक 'महापूर' असेच म्हणतात. गावेच्या गावे ओस पडली. ती पुन्हा भरतात न भरतात तोच अठराव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील महायुद्ध आले आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. पोझ्नान शहराच्या मालकीची भोवतालची खेडी इतकी निर्मनुष्य झाली, की नगरपालांनी थेट जर्मनीतील बाम्बेर्ग परिसरातून शेतकरी बोलाविले. १७१९ ते १७५३ या काळात टप्प्याटप्प्याने आलेल्या या कॅथॉलिक कुटुंबांना 'बाम्बेर' हे नाव मिळाले. पुढे ते भाषेने आणि मनाने पूर्णपणे पोलिश झाले, आणि त्यांच्या स्त्रियांचा उंच फुलांच्या मुकुटाचा पोशाख आज पोझ्नानचा अस्सल जुना पोशाख म्हणून दाखविला जातो. बाहेरून आलेल्यांनी आणलेली वस्तू तिथली परंपरा ठरावी, हे पोलंडच्या बाबतीत अपवादात्मक नाही.

येथवर ज्याला नोव्हाक म्हटले ते खऱ्या अर्थाने आडनाव नव्हते. ते टोपणनाव होते. माणूस गावात रुळला की ते गळून पडे. पुढे एखादा आणखी नवा आला की त्याच्यावर जाऊन बसे. मुलगा सुतार झाला तर लोक त्याला सुतार म्हणत. हे हलते नाव खिळविले ते प्रथम धर्मसंस्थेने आणि मग राज्यसंस्थेने. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले; हळूहळू प्रत्येक चर्चमध्ये वही आली. तरीही खेड्यांतील नावे बराच काळ पिढीगणिक बदलत राहिली. अखेरची मोहोर उमटली ती पोलंडचे स्वातंत्र्य गेल्यावर. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी तो देश गिळला. या तिन्ही राज्यांना करासाठी आणि सैन्यभरतीसाठी प्रत्येक माणूस कायम नावाने ओळखला जाणे आवश्यक वाटत होते. ऑस्ट्रियाने १७८७ साली आपल्या हद्दीतील ज्यूंना कायम आडनावे घेण्याची सक्ती केली. नेपोलियनने उभारलेल्या वॉर्साच्या संस्थानात १८०८ पासून फ्रेंच कायद्याप्रमाणे जन्म, विवाह व मृत्यू यांची मुलकी नोंद होऊ लागली. कारकून वही घेऊन बसला, समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नाव विचारले आणि शेजाऱ्यांनी जे सांगितले ते लिहून घेतले. त्या क्षणी ज्याचा आजा नवा म्हणून आलेला होता, पण जो स्वतः त्याच गावात जन्मला होता, तोही कायमचा नवा ठरला. तेव्हापासून हे नाव खोटे बोलू लागले, आणि खोटे बोलू लागल्यावरच ते खऱ्या अर्थाने आडनाव झाले.

नोव्हाक या शब्दाचे इतरही अर्थ सांगितले जातात. नव्याने बाप्तिस्मा घेतलेला, नव्याने सैन्यात भरती झालेला, धंद्यात नवशिका असेही काही नोव्हाक असतील. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे प्रसंग तुरळक होते. गावात नवा माणूस येणे ही मात्र प्रत्येक गावात, प्रत्येक पिढीत घडणारी गोष्ट होती. संख्येचे कोडे यानेच सुटते. दोन लक्ष नोव्हाक हे एका मूळ पुरुषाचे वंशज नव्हेत. हजारो गावांत हजारो वेळा, एकमेकांशी कसलाही संबंध नसताना, हे नाव स्वतंत्रपणे उगवले. बहुसंख्य नोव्हाकांचे परस्परांशी रक्ताचे कोणतेही नाते नाही. नाते आहे ते फक्त परिस्थितीचे.

पहिल्या क्रमांकाच्या या मानाविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. 'कोव्हाल' म्हणजे लोहार. गावोगाव एक लोहार असल्यामुळे त्याच्या नावावरून कोव्हाल, कोव्हाल्स्की, कोव्हाल्चिक अशी अनेक आडनावे झाली. ही सारी एकत्र केली तर लोहारांचे घराणे नोव्हाकला मागे टाकते. उलट नोव्हाकचीही पिलावळ आहे : नोव्हाकाचा मुलगा तो नोव्हाचिक, शिवाय नोवित्स्की, नोवात्स्की, नोव्हाकोव्स्की. आणखी एक गोष्ट व्याकरणाची आहे. पोलिश भाषेत 'स्की'ने संपणारी नावे विशेषणासारखी चालतात. पुरुष कोव्हाल्स्की तर त्याची पत्नी व मुलगी कोव्हाल्स्का. नोव्हाक हे नाम असल्यामुळे आज पुरुष व स्त्री दोघांनाही तेच रूप लागते. जुन्या काळी तसे नव्हते. नोव्हाकची बायको ती नोव्हाकोव्हा आणि अविवाहित मुलगी ती नोव्हाकुव्हना असा भेद होता. विसाव्या शतकात ही रूपे कागदांवरून आणि पुढे बोलण्यातूनही मागे पडत गेली. त्यामुळे स्त्री-पुरुषांची रूपे वेगवेगळी मोजणाऱ्या यादीत नोव्हाकचे आधिक्य आहे त्याहून अधिक दिसते.

देशाच्या सर्व भागांत हे नाव सारखे पसरलेले नाही. त्याची दाटी पश्चिमेला व दक्षिणेला आहे. पोझ्नानभोवतालचा व्ह्येल्कोपोल्स्का प्रांत तर त्याचे माहेरच म्हणावा. ईशान्येकडे ते विरळ होत जाते. तिकडे गरीब सरदारांची वस्ती फार. स्वतः नांगर धरणारे, पण कमरेला तलवार आणि नावाला 'स्की' लावल्यावाचून न राहणारे हे लोक. ज्याला आपले गाव सांगता येते त्याला नोव्हाक कोण म्हणणार?

या 'स्की'चे आकर्षण खालच्या वर्गांतही मोठे होते. गावातून शहरात गेलेला, चार बुके शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा आपल्या नावाला शेपूट जोडून नोव्हाकोव्स्की किंवा नोवात्स्की होई. सगळेच नोव्हाकोव्स्की असे झालेले नाहीत, काही खरोखरच नोव्हाकोव्हो या नावाच्या गावचे होते; पण नुसत्या नावावरून दोहोंतला भेद सांगणे शक्य नाही. 'स्की' म्हणजे उमराव ही समजूत पोलंडबाहेर आजही प्रचलित आहे, आणि ती चुकीची आहे. कोव्हाल्स्कींच्या प्रचंड संख्येकडे पाहिले तरी ते उघड व्हावे.

शेजारच्या स्लाव्ह देशांतही या नावाची कथा अशीच आहे, आणि त्यावरून ही घडामोड पोलंडपुरती नव्हती हे कळते. चेक लोकांत नोवाक, स्लोव्हेनियात नोवाक, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर. हंगेरियन भाषा स्लाव्ह कुळातील नसूनही तिने हे नाव आपलेसे केले. २०२२ ते २०२४ या काळात हंगेरीच्या अध्यक्षपदी असलेल्या कातालिन नोवाक याच नावाच्या. सर्बियात मात्र ते आडनाव न राहता व्यक्तिनाम झाले. टेनिसपटू नोवाक जोकोविच यांचे नाव ऐकताना ते 'नवखा' या शब्दाचे भाईबंद आहे, हे कोणाच्या मनात येत नसेल. जर्मन लोकांचा नॉयमान आणि इंग्रजांचा न्यूमन हे अर्थाने त्याचे जुळे भाऊ. पण त्या देशांत त्यांना पहिला मान मिळाला नाही.

एकोणिसाव्या शतकात वेठबिगारी संपली. प्रशियात तिचा शेवट १८०७ पासून क्रमाक्रमाने झाला, ऑस्ट्रियात १८४८ साली आणि रशियाच्या ताब्यातील भागात १८६४ साली. बांधलेला शेतकरी सुटला आणि जमीन अपुरी पडल्यामुळे लगेच वाटेला लागला. जर्मनीच्या रूर खोऱ्यातील कोळशाच्या खाणींत, अमेरिकेतील शिकागो व डेट्रॉइटच्या कारखान्यांत लक्षावधी पोलिश मजूर गेले. जर्मनीत नोव्हाकला फारशी अडचण पडली नाही, कारण त्याच्या नावातील अक्षरांचा उच्चार जर्मन लोकही तसाच करतात. अमेरिकेत मात्र तेच अक्षर वेगळ्या तऱ्हेने वाचले जाई. तेव्हा काहींनी उच्चार राखण्यासाठी अक्षर बदलले, काहींनी अक्षर राखण्यासाठी उच्चार सोडून दिला. नावाचा अर्थ मात्र पिढ्यांनंतर प्रथमच पुन्हा खरा झाला होता, आणि तो कळणारे शेजारी भोवती नव्हते.

विसाव्या शतकाने या देशाला जे भोगावयास लावले त्यात तर नवेपणा हीच सर्वांची स्थिती झाली. १९३९ साली जर्मनीने पोझ्नान आणि भोवतालचा प्रांत आपल्या राज्याला जोडून घेतला आणि लक्षावधी पोलिश लोकांना घरांतून काढून पूर्वेकडे हाकलले. नोव्हाकांच्या माहेरातील माणसे वॉर्सा-क्राकूव्हकडील गावांत निर्वासित म्हणून जाऊन पडली. देशाच्या पूर्वभागात सोव्हिएत सत्ता आली. तेथे पहिला घाव बसला तो 'ओसाद्निक' म्हणविल्या जाणाऱ्या लोकांवर, म्हणजे १९२० नंतर जमिनी देऊन वसविलेल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांवर. हे त्या गावांतले नवे लोक होते. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत सुमारे एक लक्ष चाळीस हजार माणसांना गाड्यांत कोंबून उत्तरेकडे आणि सायबेरियात नेण्यात आले. पुढे १९४२ मध्ये यांतील व नंतर नेलेल्यांतील हजारो लोक जनरल आंदेर्स यांच्या सेनेबरोबर इराणात सुटून आले, आणि त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार, बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. शाळा, चर्च, इस्पितळ असे पाच वर्षांचे एक पोलिश गावच तिथे उभे होते. १९४५ नंतर त्यांची मूळ गावे सोव्हिएत संघात गेलेली असल्यामुळे पुष्कळांना परतण्यास जागाच उरली नाही. ते इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पांगले. वळिवड्याची ती वसाहत १९४८ साली मोडली आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ती जागा भरून काढली. तिलाच आज गांधीनगर म्हणतात.

खुद्द पोलंड त्याच वेळी नकाशावर पश्चिमेकडे सरकला. ल्वूव्ह गेले, व्रोत्स्वाव आले. जर्मन रहिवासी निघून गेलेल्या घरांत पूर्वेकडून आलेली आणि मध्य पोलंडमधून आलेली कुटुंबे राहू लागली. अशा कित्येक गावांत एकही जुना रहिवासी नव्हता. चौदाव्या शतकातील पोलिश खेड्याने ज्या एका शब्दाने नवागताला वेगळे काढले, तो शब्द येथे कोणी कोणाला लावावा? नोव्हेंबर १९४५ मध्ये सरकारने नावे बदलण्याविषयी हुकूमनामा काढला. युद्धकाळातील टोपणनावे कायम करून घेणे, जर्मन वळणाची नावे पोलिश करणे, असे अनेक बदल त्यान्वये झाले.

युद्धकाळातील टोपणनावांत नोव्हाकचा एक फार प्रसिद्ध वापर आहे. १९१४ साली जन्मलेले झ्द्झिस्वाव येझ्योरान्स्की हे पोझ्नान विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले तरुण गृहस्थ भूमिगत सेनेत दाखल झाले. वॉर्साहून लंडनला गुप्त टपाल नेण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्यासाठी त्यांनी नाव घेतले यान नोव्हाक. मराठीत ज्याला सोम्या-गोम्या म्हणावे तसले हे नाव; पहारेकऱ्याने कागद पाहिला तरी त्याच्या ध्यानात राहू नये असे. कधी काळी गावात माणसाला वेगळा काढणारा शब्द आता त्याला गर्दीत लपविण्याच्या कामी आला. १९४४ च्या वॉर्साच्या उठावात 'ब्विस्कावित्सा', म्हणजे वीज, या बंडखोरांच्या नभोवाणी केंद्रावरून इंग्रजी प्रक्षेपणे करण्यात त्यांचा भाग होता. १९५२ पासून १९७६ पर्यंत म्यूनिक येथील 'रेडिओ फ्री युरोप'च्या पोलिश विभागाचे ते प्रमुख होते. अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या त्या केंद्राचा आवाज अडविण्यासाठी पोलंडमध्ये खरखरीची यंत्रे लावली जात. तरी दारे बंद करून लोक यान नोव्हाक यांना ऐकत. युद्ध संपून कित्येक वर्षे लोटली तरी त्यांनी ते उसने नाव टाकले नाही. आपल्या मूळ नावाला ते जोडून घेतले. २००२ साली यान नोव्हाक-येझ्योरान्स्की कायमचे वॉर्साला राहावयास परतले. २००५ साली तेथेच त्यांचे निधन झाले, आणि पोवोंझ्कीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली ती दोन्ही नावांनी.